मागच्या रांगेचा निवाडा

ऐतिहासिक लढाईचा जुना सिनेमा घरात बसून बघायची सोय झाली त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. आधी व्हिडिओ कॅसेट आली, मग व्हीसीडी, डीव्हीडी, ब्लू-रे, आणि आता मोबाईल. दर वेळी नवी प्रत निघाली की कोणीतरी तिचा निवाडा करतं. ही प्रत घ्यावी, ही टाकाऊ. माझा प्रश्न या निवाड्याबद्दल आहे. चांगली प्रत म्हणजे काय, आणि कोणासाठी चांगली?

प्रश्न फालतू वाटेल. आमच्यातलाच एक पोरगा मला तोंडावर म्हणाला, 'काका, इथं पोरांच्या शिष्यवृत्त्या अडकल्यात आणि तुम्ही भालजींच्या सिनेमाची प्रिंट तपासत बसलाय.' पोरगा खोटं बोलत नव्हता. शिष्यवृत्तीसाठी तहसीलवर जायचंच आहे. पण आमच्या कोकणातल्या पिढीनं शिवाजी महाराज आधी पडद्यावर पाहिले, पुस्तकात नंतर. भालजी पेंढारकरांचा 'छत्रपती शिवाजी' १९५२ चा, 'पावनखिंड' १९५६ चा, 'मराठा तितुका मेळवावा' १९६४ चा. लढाई कशी दिसते, राजा कसा उभा राहतो, मावळा कसा मरतो, हे मराठी माणसाच्या डोक्यात असल्या सिनेमांनी बसवलं. २०१८ च्या 'फर्जंद'पासून २०२२ च्या नव्या 'पावनखिंड'पर्यंत जे चाललंय ते बरंचसं त्याच चालीवर. मग मुळाची कुठली प्रत आपल्या हातात पडते, तिच्यातलं काय दिसतं आणि काय गळालंय, हा प्रश्न फालतू कसा?

पांढरपेशा रसिकाच्या कसोट्या ठरलेल्या असतात. चित्रावर ओरखडे किती, काळा रंग काळा दिसतो की राखाडी, आवाज खरखरतो का, मूळ लांबी पुरी आहे का, नायकाच्या चेहऱ्यावरची रेघ न् रेघ दिसते का. या कसोट्या खोट्या नाहीत, मीही त्या लावतो. पण या सगळ्या पुढच्या रांगेच्या कसोट्या आहेत. नायकाचा चेहरा जवळून घेतलेला असतो, त्याला मरण नाही. कितीही भिकार प्रत काढा, नायक ओळखू येतोच. भिकार प्रतीत मरतो तो मागचा माणूस.

हे मी कवितेच्या भाषेत बोलत नाही, यंत्राच्या हिशेबात बोलतोय. व्हीसीडीवरचं चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं. सगळा पडदा मिळून लाखभर ठिपके. डीव्हीडीवर चार लाखांच्या वर, ब्लू-रेवर वीस लाखांच्या वर. लाखभर ठिपक्यांत राजाचा चेहरा सुखानं मावतो. डोंगरउतारावरून धावत येणारी चारशे माणसं मावत नाहीत. एकेकाच्या वाट्याला चिमूटभर ठिपके येतात, त्यात डोकं कुठलं नि भाला कुठला? त्यात आणखी एक गोम आहे. व्हीसीडीत दर सेकंदाला चित्रावर किती माहिती खर्च करायची याचं रेशन बांधलेलं असतं. राजा सिंहासनावर बसून बोलतो तेव्हा ते रेशन पुरतं, कारण फार काही हलत नाही. लढाई सुरू झाली, सगळं एकदम हलायला लागलं की पुरत नाही. मग चित्राचे चौकोन पडतात. म्हणजे साध्या शिपायाला ज्या घटकेला सिनेमात काम मिळतं, नेमकं त्याच घटकेला त्याचं चित्र फुटतं. रेशन कमी पडलं की आधी कोणाच्या ताटातलं जातं हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

बांद्यात आमच्या वाडीत जयंतीला वर्गणी काढून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणायची पद्धत होती. रात्रभर तीन सिनेमे, मधे चहा. वाडीतले एक काका महार रेजिमेंटमधून सुभेदार होऊन आलेले. लढाईचा सिनेमा लागला की खुर्ची पुढे ओढून बसायचे. एका वर्षी शिवकाळावरचा एक सिनेमा लागला. कॅसेट शंभर घरं फिरून झिजलेली. काका बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, 'लढाई आसा म्हणतंत, पण लढतत ते खंय दिसतत? माका नुस्तो चिखल दिसता.' पोरं हसली. काका हसले नाहीत. फौजेत जन्म काढलेल्या माणसाला रांग दिसली नाही तर लढाई झाली हे तो कबूल करत नाही.

त्यापेक्षा आमचा दशावतार प्रामाणिक म्हणायचा. दोन राजे, दोन तलवारी, पखवाज आणि झांज. फौज मुळात नाहीच, तेव्हा फौजेला लपवायचा प्रश्न येत नाही. (माझे वडील सांगायचे की त्यांच्या लहानपणी तो दशावतारही देवळाच्या आवाराबाहेर उभं राहून बघावा लागायचा. तो हिशेब वेगळा आहे आणि मोठा आहे.)

मागच्या रांगेत कोण होतं? सिनेमा सांगत नाही, पण कागद आणि दगड सांगतात. गडाच्या घेऱ्यात, मेटांवर, रानात जे पहारे असत त्यांत महार, रामोशी, बेरड होते. कोरेगावला १ जानेवारी १८१८ ची लढाई झाली, तिचा स्तंभ भीमेच्या काठी उभा आहे. पडलेल्यांची नावं त्यावर कोरलेली आहेत, त्यातली २२ महारांची, शेवटी 'नाक' लागलेली. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथं गेले. १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या पहिल्या टोपीबिल्ल्यावर हाच स्तंभ होता. कंपनी सरकार आपलं मायबाप नव्हतं हे विसरू नका. पुढे याच इंग्रजांनी १८९० नंतरच्या वर्षांत महारांची भरती बंद केली आणि गोपाळबाबा वलंगकरांना अर्ज करावे लागले. तरी त्या दगडावर एक गोष्ट झाली. साध्या शिपायाचं नाव सुटं लिहिलं गेलं. सिनेमाच्या पाटीवर हे कधी झालं? तिथं एकच शब्द: मावळे. नाहीतर 'आणि इतर'.

कोणी म्हणेल, सिनेमातला शिपाई खोटाच असतो, त्याचं एवढं काय? इथं मला जे म्हणायचंय ते नीट ऐका. भालजींचा 'पावनखिंड' हा १६६० चा पुरावा नाहीच. तो १९५६ चा पुरावा आहे. घोडखिंडीत कोण कसा लढला ते त्याच्यावरून कळणार नाही. पण १९५६ साली लढाई म्हणून कॅमेऱ्यासमोर कोणाला पळवलं, कोणाला उभं केलं, कोणाला वाकवलं, हे कळेल. वेष खोटा असेल, दाढी चिकटवलेली असेल, तलवार लाकडी असेल. पाय खरे आहेत. बरगड्या खऱ्या आहेत. रोजावर उन्हात पळायला आणि घोड्याच्या टापांजवळ पडायला गावातून कोण जातं, हे ज्याला ठाऊक आहे त्यानं ते पाय बघावेत. युद्धपट हा राजाच्या इतिहासाचा कच्चा कागद असेल, पण बिननावाच्या मजुराचा तो बऱ्याचदा एकुलता एक फोटो असतो. म्हणून प्रत साफ पाहिजे, पुरी पाहिजे. हे सौंदर्यशास्त्र नव्हे, हा साक्षीपुराव्याचा कायदा आहे.

'मुघल-ए-आझम' घ्या. मुंबईत बनलेला, १९६० चा. त्यातल्या लढाईसाठी खुद्द भारतीय फौजेतले जवान आणले होते. आकडा आठ हजार सांगतात. २००४ साली तो सिनेमा रंगवून पुन्हा काढला, आणि लांबी सुमारे वीस मिनिटांनी कमी केली. मग घरोघरी डीव्हीडी गेल्या. निवाडा करणाऱ्यांनी मधुबालेच्या पोशाखाचे रंग शोभतात की नाही यावर पानं भरली. त्या आठ हजारांना कुठला रंग लावला, कोणाला विचारून लावला, यावर माझ्या वाचनात एक ओळ आली नाही. कृष्णधवल प्रत आणि रंगीत प्रत शेजारी ठेवून मी लढाई पुन्हा पुन्हा बघितली. रंगीतमध्ये डोळा आपसूक शहाजाद्याकडे जातो. कृष्णधवलमध्ये धूळ आधी दिसते, मग धुळीतली माणसं.

आता काटछाटीचं बोलू. १९५२-५६ चे आपले सिनेमे जवळजवळ चौकोनी चौकटीत घेतलेले. आजचा टीव्ही लांबट. प्रत काढणाऱ्याला दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या नको असतात, गिऱ्हाईक तक्रार करतं. मग चित्र ताणून मोठं करतात आणि वरखालून छाटतात. हिशेब करा: उंचीचा चौथा हिस्सा जातो. राजाचं डोकं सहसा सांभाळतात. खालचं जातं. आणि खाली कोण असतो? दरबारात जमिनीवर बसलेला असतो, पायरीखाली जोहार घालून वाकलेला असतो, खिंडीत पडलेला असतो. याउलट सिनेमास्कोपचा रुंद सिनेमा जुन्या चौकोनी टीव्हीसाठी कॅसेटीवर घातला तेव्हा दोन्ही बाजू मिळून रुंदीचे शंभरातले चाळीसहून जास्त हिस्से गेले. तिथं कडेचा माणूस गेला. कुठल्याही बाजूनं कापा, जाणारा तोच.

घाटावरच्या गावगाड्यात शिवेचा तंटा झाला की महाराची साक्ष घेत. गावाची हद्द कुठवर, दगड कोणी सरकवला, हे तो सांगायचा आणि त्याचा शब्द मानायचे. शिवेबाहेर राहायला लावला म्हणूनच त्याला शीव ठाऊक. ते वतन म्हणजे गुलामी हे बाबासाहेबांनी ओळखलं आणि १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणलं. वतन गेलं ते बरं झालं. पण ती नजर टाकून द्यायचं कारण नाही. चित्राची चौकट हीही शीव आहे. तिचा दगड सरकवला की नाही हे चौकटीच्या मधोमध बसणाऱ्याला कळत नाही, कारण त्याचं काही जात नाही.

इथं आमच्यातलेच काही जहाल मित्र उठून उभे राहतात. म्हणतात, हे सगळे सिनेमे ब्राह्मणी आहेत, सरंजामी आहेत, ते कुजले, जळले तर आपलं काय गेलं? मनुस्मृती आपण जाळली, मग या फिती कशाला जपायच्या? सवाल कडक आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही.

आधी जळण्याचं बघू. गांधीहत्येनंतर १९४८ साली जाळपोळ झाली त्यात कोल्हापूरला भालजींचा जयप्रभा स्टुडिओ जळला, 'मीठभाकर' हा सिनेमा त्यात गेला आणि त्यांना तो पुन्हा करावा लागला. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फितींच्या गोदामाला आग लागली आणि कितीतरी जुने सिनेमे गेले. या देशात सुमारे १,३०० मूकपट बनले, त्यातले पुरे म्हणावेत असे उरले ते मोजकेच. या कुठल्याही आगीत जातिव्यवस्थेचा एक चिरा हलला नाही. राजाची मूर्ती चौकात आहे, गाणी रेडिओवर आहेत, गोष्ट पुस्तकात आहे. जळला तो मागच्या रांगेचा एकुलता एक फोटो.

आणि महाड. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली, ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला. ते जाळणं म्हणजे भर चौकात दिलेला निकाल होता. पुरावा नाहीसा करणं नव्हतं. बाबासाहेबांनी मनुस्मृती वाचायची सोडली नाही. १९४६ चं त्यांचं शूद्रांवरचं पुस्तक काढून बघा, स्मृतींतली वचनं एकामागून एक उतरून काढलेली आहेत. प्रतिवाद्याचा कागद फाटका असेल तर खटला कसा उभा राहणार? कोणी अवघड श्लोक गाळून, सोज्वळ करून छापलेली मनुस्मृती बाबासाहेबांच्या हातात ठेवली असती तर त्यांचं काम सोपं झालं असतं की अशक्य झालं असतं, याचा विचार जहाल मित्रांनी करावा.

बाहेर काय झालं तेही बघण्यासारखं आहे. जोतिरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामांना सोडवणाऱ्यांना अर्पण केली. त्याच यादवीत ५४ वी मॅसॅच्युसेट्स ही काळ्या शिपायांची पलटण १८ जुलै १८६३ ला फोर्ट वॅग्नरवर चाल करून गेली. १९८९ साली त्यावर 'ग्लोरी' निघाला. सिनेमा जबरदस्त आहे, डेंझेल वॉशिंग्टनला त्यात ऑस्कर मिळालं. पण खरं नाव घेऊन वावरतो तो गोरा कर्नल शॉ. मुख्य काळे शिपाई मात्र कल्पनेतले. फ्रेडरिक डग्लस यांची दोन मुलं त्या पलटणीत होती, सार्जंट विल्यम कार्नीनं पलटणीचा झेंडा पडू दिला नाही आणि त्याचं पदक १९०० साली, म्हणजे ३७ वर्षांनी आलं. ही माणसं कथेत नायक म्हणून नाहीत. दोन वर्षांनी, १९९१ मध्ये, मॉर्गन फ्रीमनच्या आवाजात पलटणीच्या खऱ्या इतिहासावर माहितीपट झाला आणि तो पुढे डीव्हीडीत सिनेमाला जोडला गेला. रसिक ज्याला फुकटची भर म्हणतात ती इथं राहिलेली बाकी फेडते. म्हणून प्रत हातात आली की मी आधी जोडीला काय दिलंय ते बघतो. नटनट्यांच्या मुलाखती असल्या तर माझ्या लेखी शून्य गुण.

'स्पार्टाकस'चं उलट. तो १९६० चा, गुलामांच्या बंडाचा, आणि मूळ रंगीत निगेटिव्ह इतकी विटली होती की १९९१ साली वेगळ्या कृष्णधवल फितींवरून रंग पुन्हा जुळवावे लागले. सेन्सॉरनं कापलेला एक प्रसंग सापडला, पण आवाज गेलेला. लॉरेन्स ऑलिव्हिए वारलेला. मग अँथनी हॉपकिन्सनं त्याचा आवाज दिला, आणि हे उघड सांगून केलं. तसं सांगून भरलेलं भगदाड मला चालतं. न सांगता गुळगुळीत केलेला चेहरा चालत नाही. आजकाल यंत्रानं फितीचे दाणे पुसतात, त्यात घाम आणि धूळही पुसली जाते, शिपाई मेणाचे दिसतात. लोक म्हणतात, वा, किती स्वच्छ. स्वच्छ या शब्दाचा आपल्याला जुना अनुभव आहे.

एवढं सगळं म्हणून झाल्यावर एक जागा राहते जिथं माझं मलाच पुरतं सुटत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मागे मी एका जुन्या ऐतिहासिक सिनेमाची व्हीसीडी आणली होती. तोच सिनेमा पुढे चांगल्या प्रतीत मिळाला, तेव्हा माझी अकरा वर्षांची भाची शेजारी बसली होती. दरबाराचा प्रसंग. व्हीसीडीत डाव्या कोपऱ्यात नुसता एक गडद डाग होता. नव्या प्रतीत तो डाग माणूस निघाला, कमरेत वाकलेला, हात खाली सोडलेले. एका हुकमासाठी त्याला जातीवरून हाक मारतात. पोरगी म्हणाली, 'मामा, ह्यो असो वाकान कित्याक उभो आसा?'

वाईट प्रतीत तिला तो दिसला नसता. मग डाग बरा होता का? असल्या जुन्या सिनेमातून जातिवाचक हाका काढून टाका असं कोणी म्हणालं, आणि आपल्यातले पुष्कळ म्हणतात, तर त्यांना वेड्यात काढायची माझी छाती नाही. पोराच्या कानावर ती हाक पडते तेव्हा काय होतं ते आपण सोसलंय. नव्या सिनेमात ती हाक चवीला घातली तर अंगावर गेलंच पाहिजे, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्यासाठी आहे. पण जुन्या प्रतीतून हाक पुसली आणि माणूस तसाच वाकलेला ठेवला तर तो कशासाठी वाकलाय हे पुढच्याला कळणार नाही. त्याला वाटेल, नम्र असेल बिचारा. हाक हे त्याच्या वाकण्याचं कारण आहे. कारण पुसून परिणाम ठेवायचा, हे मला त्या माणसावर दुसऱ्यांदा केलेलं अन्याय वाटतं. म्हणून माझा कौल हाक ठेवायच्या बाजूनं, सिनेमाआधी पाटी लावून, आणि घरात पोराशेजारी मोठं माणूस बसवून. हा कौल पोराला महाग पडतो हे मला माहीत आहे. भाचीला मी जे सांगितलं ते तिनं ऐकून घेतलं, उरलेला सिनेमा बघितला नाही, आणि आईजवळ जाऊन बसली. दोन दिवसांनी विचारलं, त्या माणसाचं नाव काय होतं. मी पाटी पुन्हा लावून दाखवली. नाव नव्हतं.

कोणी म्हणेल पाटी लावल्यानं काय होतं. मी म्हणतो मग पाटीवर नुसतं 'जुन्या काळच्या चालीरीती' असं गुळमुळीत लिहू नका. सिनेमा कुठल्या साली निघाला, त्या साली अस्पृश्यतेबद्दल कायदा काय होता, हे लिहा. राज्यघटनेचं १७ वं कलम १९५० पासून अमलात आहे, अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ चा. म्हणजे 'पावनखिंड'च्या आधीचा. एवढ्या दोन ओळी लिहिल्या तरी बघणारा जरा सरळ बसेल.

वाडीवाडीत जयंतीच्या, मोर्चांच्या, लग्नांच्या कॅसेटी पडून आहेत, त्यांच्या शेजारी हे सिनेमेही आहेत. आमच्या कोकणात जूनपासून हवा अशी की फितीवर पांढरी बुरशी धरते. तशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका, बुरशी यंत्राला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटीला. फेकूनही देऊ नका. कोरड्या डब्यात उभी ठेवा, वर साल आणि कोणी घेतलीय ते लिहा. चित्रात जी माणसं दिसतात त्यांची नावं ज्यांना आठवतात ती म्हातारी माणसं अजून आहेत, त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. मागच्या रांगेपासून सुरू करा.